आप्पांचं परराष्ट्र खातं

प्रत्येक इमारतीत एक माणूस असा असतो, ज्याला कुणी कशावर नेमलेलं नसतं, तरी परराष्ट्र खातं त्याच्याकडे असतं. अध्यक्ष दुसराच कुणीतरी असतो. सेक्रेटरी कामावर असतो. खजिनदार वर्गणीच्या दिवशी दिसतो आणि हिशेबाच्या दिवशी गावी असतो. पण बाहेरचं कुणी आलं, मग तो मीटर बघणारा असो, घर बघणारे असोत की मतं मागणारे, की जिना उतरून हात जोडत पुढे होतो तो हाच. बाकीचे 'पाणी' म्हणायला तोंड उघडतात, तोवर यानं पाहुण्याला चहा सांगितलेला असतो.

आमच्या दिव्यात या खात्याला काम जास्त. दिवा जगाला कळतो तो पेपरातून. २ जानेवारी २०१५ ला चिडलेल्या प्रवाशांनी रूळ अडवले, तेव्हा आम्ही पहिल्या पानावर होतो. २०१६ च्या डिसेंबरात फास्ट लोकल थांबायला लागली, तेव्हा पुन्हा दिसलो. मधल्या काळात फाटक, डंपिंगचा धूर आणि टँकर, एवढीच आमची ख्याती. तळकोकणात मात्र दिव्याला मान आहे, कारण सावंतवाडीची गाडी इथून सुटते. ती आपल्याच सोयीसाठी सोडली आहे, अशी आप्पांची प्रामाणिक समजूत आहे.

आप्पा म्हणजे आमचं परराष्ट्र खातं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत एक लांबट वही. गाव सावंतवाडीच्या पलीकडे. उमेद परळच्या एका छापखान्यात मशीनवर आणि युनियनच्या सभांत गेली. परळची खोली भावाभावांच्या वाटणीत गेली, तेव्हा आप्पा दिव्याला आले आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहिले. ही इमारत कागदावर थोडी लाजाळू आहे. कुणी कागद मागितले की ती पुढे येत नाही. 'ही उभी आहे ती सिमेंटवर नाही, माझ्या बोलण्यावर,' असं आप्पा सांगतात, आणि सिमेंट ज्यांनी पाहिलं आहे ते त्यांना खोडून काढत नाहीत.

गावाहून फोन आला की आप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं. 'सगळा बरा आसा.' हे सांगताना मागे हंडे वाजत असतात. पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असली की आप्पा पुढच्या खुर्चीत. गणपती आणि ईद जवळजवळ आले की त्यांचा हंगाम. एका बाजूला मौलाना, दुसऱ्या बाजूला भटजी, मध्ये आप्पा, असा त्यांचा एक फोटो आहे. तो ते दर वर्षी नवा काढून घेतात.

ही विद्या आप्पांनी कुठे मिळवली असेल, याबद्दल इमारतीत बरेच तर्क होते. खरी गोष्ट त्यांनीच एकदा सांगितली. ती दिव्यातली नाही, परळमधलीही नाही. ती मॉस्कोपासून सत्तर किलोमीटरवर घडली.

ऐंशीच्या दशकात भारत-सोव्हिएत मैत्रीच्या एका शिष्टमंडळात आप्पांचा नंबर लागला. त्या काळी मुंबईतल्या युनियनवाल्यांना हे भाग्य अधूनमधून लाभत असे. घरोघरी 'सोव्हिएत देश' हे नियतकालिक यायचं. त्याच्या गुळगुळीत पानांची कव्हरं पोरांच्या वह्यांना घातली जायची. तर आप्पा गेले. कारखाना पाहिला, मेट्रो पाहिली, लेनिनच्या दर्शनाची रांग धरली. आणि एके दिवशी बसमध्ये घालून त्यांना झागोर्स्कला नेलं. सेर्गियेव्ह पोसाद या गावाचं ते तेव्हाचं नाव. तिथे चौदाव्या शतकातला मोठा मठ आहे, सोनेरी आणि निळे घुमट असलेला. क्रांतीनंतर तो बंद केला होता आणि १९४६ मध्ये पुन्हा उघडला. परदेशी पाहुण्यांना धर्मस्वातंत्र्य दाखवायचं असेल, तर बस तिथे जात असे.

तिथे स्वागताला मठातला एक बुवा होता. 'काळी दाढी, काळा झगा, छातीवर क्रूस,' आप्पा सांगतात. 'आम्हांला चहा दिला. जागतिक शांततेवर दहा मिनिटं बोलला. मग मी विचारलं, सरकारचा त्रास होतो का? दुभाषी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. पण बुवा हसला. म्हणाला, आमच्या राज्यघटनेच्या बावन्नाव्या कलमात श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे. मी विचारलं, मग पोरांना धर्माचं शिकवता का? तर म्हणतो, पोरांना आईबाप शिकवतात.'

इथे आप्पा थांबतात आणि समोरच्याकडे दाद मागितल्यासारखे बघतात.

'खोटं एक अक्षर नाही! कलम आहेच. आईबाप शिकवतातच. आणि तरी मला काही म्हणता काही कळलं नाही. त्या दिवशी समजलं, बोलणं म्हणजे काय. मी मनातल्या मनात त्याचा गंडा बांधला.'

त्या बुवांनी जे सांगितलं नाही ते असं होतं. १९२९ च्या कायद्यानं चर्चला मुलांना धर्म शिकवण्याची बंदी होती, दानधर्म करण्याची होती, वाचनालय चालवण्याचीही होती. उरलं काय, तर पूजाअर्चा. आणि चर्चच्या पेटीत पडलेल्या पैशातून सोव्हिएत शांतता निधीला 'स्वेच्छेनं' वर्गणी. आप्पांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फक्त शेवटचा भाग लक्षात घेण्याजोगा वाटला. 'स्वेच्छेनं,' ते पुटपुटले आणि वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात आमच्याकडे पंपाच्या दुरुस्तीची वर्गणी त्याच शीर्षकाखाली गोळा झाली.

झागोर्स्कच्या गंड्याचे नियम आप्पांनी दिव्यात मोठ्या निष्ठेनं पाळले. पहिला नियम, खोटं बोलायचं नाही, खऱ्यातलं निवडून घ्यायचं. दुसरा, वेळ आपण ठरवायची आणि खिडकीही. तिसरा, प्रश्न येण्याआधी शांततेवर दहा मिनिटं बोलायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं लग्न या तीन नियमांवर जमलं. डंपिंग तेव्हा चालू होतं. मुलीकडचे कुडाळहून घर बघायला येणार होते. आप्पांनी वार निवडला रविवार आणि वेळ दुपारी दोनची, म्हणजे लोकलमध्ये बसायला जागा. स्टेशनवरून आणलं ते फाटक टाळून. मुलीच्या वडिलांना बसवलं ते मुंब्रादेवीच्या डोंगराकडे तोंड करून. डंपिंगच्या बाजूची खिडकी 'दुरुस्तीसाठी' सकाळपासून बंद होती.

'पाण्याचं कसं काय?' वडिलांनी विचारलं.

'रात्री निवांत येतं.'

'गाडीचं?'

'दर चार-पाच मिनिटाला गाडी.'

'आणि गर्दी?'

'माणसांचा सहवास आहे,' आप्पा म्हणाले.

लग्न झालं. वहिनी आल्या. रात्री दोनला मोटर लावायला उठताना त्यांना 'निवांत' आठवतं, असं त्या अजूनही जिन्यात भेटल्यावर सांगतात. आप्पा ऐकून म्हणतात, 'म्हणजे मी खोटं बोललो नाही, हे तू मान्य करतेस.'

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो. आप्पांना आपल्या गुरूच्या घराण्याची माहिती हवी असते आणि मला ती सांगायला श्रोता हवा असतो. त्या बुवांच्या खात्याचा इतिहास त्यांना मी हप्त्याहप्त्यानं सांगितला.

'तुमच्या बुवांचं खातं मुळात युद्धातलं,' मी सुरुवात केली. स्टालिननं कित्येक वर्षं चर्च मोडून काढलं, पाद्री छावण्यांत पाठवले. मग जर्मन आत घुसले. ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री त्यानं उरलेल्यांतले तीन मेट्रोपॉलिटन, म्हणजे मोठे बिशप, क्रेमलिनमध्ये बोलावले. चार दिवसांत त्यांचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, निवडून झाला. चर्चशी बोलायला सरकारनं एक समिती नेमली आणि तिच्यावर गुप्त पोलीस खात्यातला गेओर्गी कार्पोव्ह बसवला.

'चार दिवसांत!' आप्पा म्हणाले. 'आमची सर्वसाधारण सभा चार वर्षं झाली नाही.'

१९४६ मध्ये चर्चचं स्वतःचं परराष्ट्र खातं निघालं. पहिले प्रमुख मेट्रोपॉलिटन निकोलाय. शांततेच्या प्रत्येक व्यासपीठावर ते दिसायचे. १९४८ मध्ये मॉस्कोत ऑर्थोडॉक्स चर्चांची बैठक झाली आणि ठरलं, की ॲमस्टरडॅमला जी जागतिक चर्च परिषद स्थापन होते आहे तिथे जायचं नाही. कारण ती पाश्चिमात्यांची.

'आणि गेले कधी?'

'१९६१ मध्ये. आपल्या दिल्लीत.'

आप्पा ताठ बसले. हे त्यांना माहीत नव्हतं. नोव्हेंबर १९६१, विज्ञान भवन. जागतिक चर्च परिषदेचं तिसरं अधिवेशन. रशियन चर्च तिथे सभासद झालं, आणि बरोबर रुमानियाचं, बल्गेरियाचं, पोलंडचं ऑर्थोडॉक्स चर्चही. झगे, दाढ्या, क्रूस आणि छायाचित्रकार. रशियन शिष्टमंडळाचे पुढारी निकोदिम. वय बत्तीस. तिसाव्या वर्षीच ते परराष्ट्र खात्याचे प्रमुख झाले होते.

'तिसाव्या वर्षी? मग आधीचे निकोलाय कुठे गेले?'

'बोलले म्हणून गेले.'

ख्रुश्चेव्हनं १९५८ पासून चर्चविरुद्ध नवी मोहीम उघडली होती. फेब्रुवारी १९६० मध्ये निःशस्त्रीकरणाच्या एका परिषदेत वृद्ध पॅट्रिआर्क अलेक्सी उभे राहिले आणि चर्चचा कसा अपमान होतो आहे हे सगळ्यांदेखत बोलून बसले. ते भाषण निकोलाय यांनी लिहिलेलं. जूनमध्ये निकोलाय खात्यातून गेले आणि पुढच्या वर्षअखेरीला जगातूनही गेले.

आप्पा हळहळले, पण वेगळ्याच कारणासाठी. 'शांततेच्या सभेत भांडण काढलं. चूकच की! भांडायला दुसरी सभा बघायची.'

'दुसरी सभा नव्हतीच, आप्पा.'

यावर ते गप्प बसले. पण आप्पांचं गप्प बसणं फार टिकत नाही.

'मग दिल्लीत त्या निकोदिमला कुणी विचारलं नाही, घरी काय चाललंय?'

घरी जे चाललं होतं ते असं. ज्या वर्षी दिल्लीला शिष्टमंडळ आलं, त्याच वर्षी जुलैमध्ये बिशपांच्या बैठकीनं सरकारच्या दडपणाखाली ठराव करून पाद्र्यांच्या हातून त्यांच्याच चर्चचा कारभार काढून घेतला. गावोगावची चर्च हजारांनी बंद होत होती. पाद्री तयार करणाऱ्या आठ शाळा होत्या, त्यांतल्या तीन उरल्या. आणि निकोदिम परदेशी पत्रकारांना सांगत होते, की चर्च बंद होतात ती भाविक कमी झाल्यामुळे किंवा दोन गावांनी एक चर्च वापरायचं ठरवल्यामुळे होतात.

'निवडून घेतलेलं खरं,' आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात गुरुबंधूबद्दलचा आदर होता.

आता इथे माझीच अडचण सुरू होते. निकोदिम नुसते खोटारडे होते असं म्हणावं, तर त्यांच्या पदरात लेनिनग्राडची धर्मशिक्षण अकादमी येते. ती सरकार बंद करायच्या बेतात होतं. निकोदिम यांनी तिथे आफ्रिकेतून विद्यार्थी आणले आणि त्यांच्यासाठी वेगळा विभाग काढला. आता परदेशी पोरं शिकत असलेली संस्था बंद कशी करणार? जगात बोभाटा होईल. अकादमी वाचली. पुढच्या पिढीतले कितीतरी पाद्री तिथे तयार झाले. परदेशात जाऊन 'सगळं बरं आहे' म्हणायचं, त्याच्या बदल्यात घरी थोडं बरं राहू द्यायला लावायचं, हा त्यांचा व्यवहार होता. ते धावले खूप. १९६२ मध्ये व्हॅटिकनच्या महासभेला रशियन निरीक्षक पाठवण्याची बोलणी त्यांनीच केली. हृदयविकाराचे झटके घेत घेत धावले. ५ सप्टेंबर १९७८ ला रोममध्ये नव्या पोपच्या भेटीला गेले आणि पोप जॉन पॉल पहिले यांच्यासमोरच कोसळून वारले. वय अठ्ठेचाळीस.

हे ऐकून आप्पांचे डोळे पाणावले. 'ड्युटीवर गेला,' ते म्हणाले. मग जरा वेळानं, 'आपली इमारत पण मी अशीच धरून ठेवली आहे.'

आणि हे खोटं नव्हतं. कागद विचारायला कुणी आलं की आप्पा त्याला पहिल्यांदा तळमजल्यावर नेतात. सोलकढी देतात. फोटो दाखवतात, मौलाना आणि भटजींच्या मधला. इथे सगळे गुण्यागोविंदानं राहतात हे ऐकून झालं, की कागदांचा विषय पुढच्या भेटीवर जातो. त्या पुढच्या भेटींवर आमची छपरं उभी आहेत.

पण परराष्ट्र खात्याला आतली नोंदही ठेवावी लागते. मॉस्कोत १९६५ पासून धर्मविषयक परिषद नावाचं सरकारी कार्यालय होतं. तिथले उपप्रमुख फुरोव्ह यांनी सत्तरच्या दशकात एक गुप्त अहवाल लिहिला आणि तो पुढे बाहेर फुटला. त्यात बिशपांचे तीन वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गात, जे राज्याशी निष्ठा राखून आहेत आणि चर्चचा प्रभाव वाढवायच्या फंदात पडत नाहीत. दुसऱ्या वर्गात, निष्ठावंत तर आहेत, पण धर्मकार्याचा उत्साह जरा जास्त. तिसऱ्या वर्गात, जे कायद्याला बगल देऊन काहीतरी करत असतात.

हे मी सांगितलं आणि पस्तावलो. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या लांबट वहीत तीन रकाने आखलेले होते. पहिल्या वर्गात तळमजला पूर्ण. पंपाची टाकी तळमजल्यावर असल्यामुळे तिथली निष्ठा स्वाभाविकच होती. दुसऱ्या वर्गात मी, कारण 'वाचतो जास्त, पण चहाला येतो.' तिसऱ्या वर्गात एकच नाव होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

त्या वर्षीच्या सर्वधर्म सद्भावना मेळाव्यात आप्पांचं रकाने आखणं किती अचूक होतं ते सिद्ध झालं.

मंडप घातलेला. व्यासपीठावर मौलाना, भटजी, डोंबिवलीहून आलेले एक पाद्री, बाहेरून आलेले मोठे पाहुणे आणि आप्पा. पाहुण्यांनी विचारलं, 'इथे काही अडचणी?' आप्पांनी माईक घेतला आणि दिव्यातल्या शांततेवर दहा मिनिटं बोलले. इथली माणसं रात्री दोनलासुद्धा एकमेकांना भेटतात, एवढा जिव्हाळा आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात सूत्रसंचालकाच्या हाती एक चिठ्ठी आली. सूत्रसंचालक मंडळी चिठ्ठी आधी मोठ्यानं वाचतात आणि मग स्वतः वाचतात.

'तिसऱ्या मजल्यावर चार दिवस नळाला पाणी नाही. आप्पांच्या तळमजल्यावर टाकी आहे. सद्भावना शिल्लक राहिली तर एक हंडा वर पाठवावा.'

त्या मंडपात मला नैरोबी आठवली. १९७५ च्या शेवटी तिथे जागतिक चर्च परिषदेचं पाचवं अधिवेशन भरलं होतं. परिषदेच्या मध्यवर्ती समितीची धुरा तेव्हा आपल्या केरळच्या एम. एम. थॉमस यांच्याकडे होती. मॉस्कोहून ग्लेब याकुनिन नावाचा एक पाद्री आणि लेव्ह रेगेल्सन नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ, या दोघांनी परिषदेला पत्र पाठवलं, की आमच्याकडे श्रद्धेपायी माणसं छळली जातात आणि तुम्ही इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नाहीत. याकुनिनला १९६६ मध्येच अशा एका पत्रापायी धर्मकार्याची बंदी झाली होती. हे पत्र अधिवेशनाच्या दैनिकात छापून आलं. खळबळ उडाली. रशियन शिष्टमंडळानं हरकत घेतली. सोव्हिएत संघाचं नाव असलेला ठराव आला, मग तो सौम्य झाला, मग समितीकडे गेला, मग अहवाल मागवायचं ठरलं. आणि त्याच अधिवेशनानं परिषदेचे जे अध्यक्ष निवडले, त्यांत निकोदिमही होते.

'अहवाल मागवतो,' दिव्यात पाहुणे म्हणाले.

'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे,' आप्पा म्हणाले आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

पुढच्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. रात्री टँकर आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आमच्या इमारतीचे कागद बघायला आले. दोन्ही एकाच चिठ्ठीचे परिणाम. त्या दिवशी आप्पांना सोलकढी दोनदा करावी लागली, आणि टँकरचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत पुरलं. वहिनींना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं गेलं. कुणी काढलं ते कुणाला माहीत नाही. ॲडमिन आप्पा आहेत.

'त्या याकुनिनचं पुढे काय झालं?' आप्पांनी ओट्यावर विचारलं. जरा काळजीनं विचारलं असं मला वाटलं.

१९७९ च्या नोव्हेंबरात त्याला पकडलं. पाच वर्षं छावणी आणि पुढे पाच वर्षं हद्दपारी अशी शिक्षा झाली. गोर्बाचेव्ह आल्यावर १९८७ मध्ये सुटला. तो आत असताना, मे १९८२ मध्ये, मॉस्कोत अण्वस्त्रांविरुद्ध जगभरच्या धर्मगुरूंची मोठी परिषद भरली. यजमान रशियन चर्चच. अमेरिकेहून ख्रिस्ती प्रवचनकार बिली ग्रॅहम आले. त्यांनी बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन दिलं, तेव्हा एका बाईनं तुरुंगातल्या धर्मबंधूंबद्दलचा फलक उलगडला आणि तिला बाहेर नेलं. ग्रॅहम यांनी पत्रकारांना सांगितलं, की आपल्याला छळ काही दिसला नाही, चर्च भरलेली दिसली. जवळपास प्रत्येक जेवणात कॅव्हिआर मिळाली, हेही सांगितलं. त्यावरून मायदेशी त्यांच्यावर फार टीका झाली.

'कॅव्हिआर म्हणजे?'

'माशाची अंडी.'

'गाभोळी!' आप्पा खूश झाले. 'मग तक्रार कशी करणार? गाभोळी खाऊन माणूस तक्रार करतो काय?'

इथे त्यांनी नकळत अख्ख्या खात्याचं मर्म सांगून टाकलं. पाहुण्याला बरं दिसावं म्हणून जे वाढतात, ते घरात सगळ्यांना पुरत नाही. लेनिनग्राडची अकादमी वाचली हे खरं, पण ती ज्या वाक्यावर वाचली, ते वाक्य याकुनिनच्या तोंडावर हात ठेवून बोललेलं होतं. निकोदिमनी किंमत दिली नाही असं नाही. पण बिल दुसऱ्याच्या नावावर जास्त आलं. आप्पांच्या बोलण्यावर इमारत उभी आहे, हेही खरं. आणि त्याच बोलण्यामुळे तिसऱ्या मजल्याला पाणी नाही, हेही तितकंच खरं, कारण जिथे त्रासच नाही तिथे पाइप कोण टाकणार?

हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि मी दुसऱ्या वर्गात का आहे ते मला पुन्हा दिसलं.

'बरं, शेवट काय?' ते म्हणाले.

शेवट असा, की १९९१ मध्ये सोव्हिएत संघ गेला. याकुनिन खासदार झाला होता. संसदेच्या चौकशी समितीतर्फे त्याला गुप्त पोलिसांची दप्तरं बघायला मिळाली. त्यांत चर्चच्या परदेश दौऱ्यांच्या नोंदी होत्या, आणि त्या दौऱ्यांवर गेलेल्या हस्तकांची टोपणनावं. 'अदामांत', 'द्रोझदोव्ह', 'ओस्त्रोव्स्की' अशी. कुठलं नाव कुठल्या दाढीमागे, यावर तेव्हापासून वाद आहे. चर्चनं दप्तरातल्या नावांची चौकशी मनावर घेतली नाही. याकुनिननं निवडणूक लढवू नये हा आदेश मात्र मनावर घेतला, आणि तो मोडला म्हणून १९९३ मध्ये त्याचं पाद्रीपण काढून घेतलं.

मला वाटलं, आप्पा आता तरी विरघळतील. झागोर्स्कच्या त्या काळ्या दाढीचंही टोपणनाव असेल का, असा प्रश्न त्यांना पडेल. त्यांना प्रश्न पडला, पण निराळा.

'माझं काय ठेवलं असतं रे?'

'काय?'

'टोपणनाव. चांगलं वजनदार पाहिजे. "सह्याद्री" कसं वाटतं?'

'कशाक सह्याद्री?' जिन्यातून आवाज आला. वहिनी रिकामा हंडा घेऊन उतरत होत्या. 'टँकर ठेवा. गाजावाजा मोठो, येता रात्री, आणि पाणी तळमजल्यापुरताच.'

ओट्यावरचे सगळे हसले. आप्पाही हसले, कारण पाहुण्यांदेखत रागवायचं नाही हा त्यांचा चौथा नियम आहे आणि ओट्यावर त्या दिवशी शेजारच्या इमारतीतले दोघे होते. मग त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

'आणि टँकर इलो की हंडो घेऊन पयली कोण येता गो?'

'मीच येतंय,' वहिनी म्हणाल्या. 'पण भायर जावन नळाक पाणी आसा, असा सांगत नाय.'

आप्पांनी काखेतली वही काढली, खिशातलं पेन काढलं, तिसऱ्या रकान्यातलं एकुलतं एक नाव खोडलं आणि दुसऱ्या रकान्यात माझ्या नावाखाली लिहिलं.

'बोलता येतं हिला,' ते मला म्हणाले. 'पुढच्या शिष्टमंडळात घेऊ.'